सत्तेचाळीसच्या पुढचा आकडा

हे तुम्ही खरं मानणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. माझी बायको बायडाबाईसुद्धा मानत नाही, आणि मी एकदा एका लांडग्याला मिसरीची सवय लावली होती हे तिनं बिनतक्रार मानलेलं आहे. पण धारूरच्या किल्ल्यावर उभं राहून, नुसत्या घशाच्या जोरावर, मी साऱ्या दुनियेचं इंटरनेट एका शेतातून उठवलं आणि दुसऱ्या शेतात बसवलं. बाराला पाच कमी असताना. पायात एकच जोडा होता.

किल्ल्याच्या पायथ्याला मंगलचं हॉटेल आहे. परवा तिथं मी हे सांगायला बसलो तेव्हा तीन माणसं होती. शेगडीपुढं मंगल, बाकावर काळीपिवळी चालवणारा अंगद, आणि कोपऱ्यात बशीतल्या चहात बटर बुडवत बसलेला म्हाळू. म्हाळूनं आणि मी चाळीस वर्षं बरोबर मेंढरं राखली. तो बोलत नाही. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर संध्याकाळी त्याचा घसा बसतो. असा माणूस साक्षीला फार चांगला.

"इंटरनेट?" अंगद म्हणाला. "आबा, तुमच्या मोबाईलला अजून बटनं हैत."

"म्हणून तर सांगतोय. बिनबटनाचा मोबाईल असता तर त्यात काय नवल?"

मूळ गोष्ट माझ्या सुनेची, बबिताची. आमच्या वस्तीवरच्या अकरा बाया दरवर्षी दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. चुली, पोरं, कोंबड्या, सगळं ट्रॅक्टरवर. बबिता दोन वर्षं डोकं लावत होती. मेंढरं आपली, लोकर आपली, मग जायचं कावून? तिनं बायांना गोळा केलं. कुणी लोकर पिंजते, कुणी सूत कातते, दोघी मागावर बसतात. चिंचोक्याची खळ दिलेली नवी घोंगडी अशी कडक होते की दारात उभी करून ठेवली तर कुत्रं पाहुणा आला म्हणून भुंकतं. बीडच्या एका पोरानं त्यांना साइट करून दिली, 'धारूरची घोंगडी' या नावाची. नाव घेताना मोबाईल नंबर लागतो म्हणे. तो माझा दिला, कारण घरात पंधरा वर्षं न बदललेला नंबर तेवढा एकच होता.

तर त्या साइटीवरून एका थंड हवेच्या ठिकाणच्या मोठ्या हॉटेलवालीनं बबिताला फोन केला. तिला प्रत्येक खोलीत घोंगडी पाहिजे होती. "सोमवारी बारा वाजता आमची माणसं मोठ्या पडद्यासमोर बसतील," ती म्हणाली. "तुमचं पान उघडून बघतील आणि तिथंच ठरवतील. मिलवाल्यांची ब्लँकेटंही आहेत त्यांच्यापुढे."

आणि मंगळवारी सकाळी मुकादमाचा ट्रॅक्टर वस्तीवर यायचा होता.

म्हणजे हिशोब सरळ होता. सोमवारी बाराला पान उघडलं तर अकरा बाया घरी. नाही उघडलं तर मंगळवारी अकरा बाया ट्रॅक्टरवर. बबितानं मुकादमाला एवढंच सांगितलं होतं, "भाऊ, मंगळवारी तोंडावर सांगते."

"मंग?" मंगल म्हणाली. तिचा चमचा थांबला होता.

मग रविवारी घोटाळा कळला. माझी नात ऋतुजा, म्हणजे बबिताची पोरगी, अंबाजोगाईला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिनं सहज मेल उघडून बघितला तर पंधरा दिवसांपूर्वीचा निरोप पडलेला. बीडच्या पोरानं दुकान आवरलं होतं. त्याचं मशीन सोमवारी सकाळी दहाला बंद होणार होतं. आणि आमची साइट त्याच मशीनवर बसलेली.

पोरगी दिवसभर जेवली नाही. सगळी साइट, फोटो, भाव, बायांची नावं, तिनं उचलून दुसऱ्या एका मशीनवर नेऊन ठेवली. माल हलला. राहिला पत्ता.

आता हे पत्त्याचं प्रकरण लोक फार अवघड करून सांगतात. डीएनएस म्हणतात त्याला. मी अंगदला साधं सांगितलं. माझं नाव बंकट. ते कायम. पण माझा मेंढवाडा आज मोहनरावांच्या शेतात, आठ दिवसांनी सुग्रीवच्या शेतात. शेतकरी खतासाठी बोलावतो, आपण जातो. मला भेटायला आलेला माणूस आधी चौकात विचारतो, बंकटचा वाडा कुठं बसलाय? चौकातला जो माणूस सांगतो, तो डीएनएस. वाडा हलवला आणि चौकात सांगितलं नाही, तर पाहुणा जुन्या शेतात जाऊन लेंड्या बघत उभा राहतो.

"हे समजलं," अंगद म्हणाला. "चौकात सांगायचं आन् मोकळं व्हायचं."

"एक चौक असता तर! दुनियेत चौक किती? आन् ज्यानं एकदा ऐकलं, तो जुनाच पत्ता सांगत बसतो. त्याला नवीन कळायला दोन दोन दिवस लागतात."

मंगल म्हणाली, "पण ऋतुजा तर मला सांगत होती, तिनं रविवारीच तुमच्याकडून ओटीपी घेऊन काईतरी पाच मिनिटांचं करून ठेवलं होतं. की कुणीबी पाच मिनिटांच्या वर जुनं ध्यानात ठेवायचं न्हाई..."

"मंगल, दूध उतू चाललंय."

दूध उतू चाललं नव्हतं, पण तिनं बघितलं, आणि तेवढ्यात मी पुढं गेलो.

सोमवारी सकाळी मी किल्ल्याच्या उतारावर मेंढरं चारत होतो. पावणेदहाला ऋतुजाचा फोन. पोरगी परीक्षेच्या दारात उभी. मोबाईल जमा करायला एक मिनिट राहिलेला. बबिताच्या मोबाईलची काच फुटली म्हणून तो दुरुस्तीला दिलेला, म्हणून मला लावला.

"आबा, नीट ऐका. नवीन मशीनचा पत्ता आलाय. चार आकडे हैत. ध्यानात ठेवा आन् पळत मम्मीकडं जा. ती हरिओमकाकाच्या सेवा केंद्रात बसलीय. तिला मी समदं शिकवलंय, नुसते आकडे पाहिजेत. दोनशे तीन. शून्य. एकशे तेरा." आणि मग तिनं चौथा सांगितला.

"ध्यानात ऱ्हाईल?"

"अगं, मला माझ्या आज्याच्या मेंढरांची तोंडं ध्यानात हैत."

मेंढरं म्हाळूवर सोपवली आणि पळालो. सेवा केंद्रात हरिओम कॉम्प्युटरच्या बाजूला, बबिता खुर्चीत, मागं वस्तीवरच्या चार बाया भिंतीला टेकून. माझ्या मोबाईलवर ओटीपी आला, मी मोबाईलच बबिताच्या हातात दिला. मग आकडे सांगितले. दोनशे तीन. शून्य. एकशे तेरा. सत्तेचाळीस. बबितानं ते टाकले, बटन दाबलं, आणि आम्ही सगळे पडद्याकडं बघत बसलो.

साडेदहाला हरिओमनं नाव टाकून बघितलं. पान उघडलं. बाया टाळ्या वाजवणार एवढ्यात दिसलं की पानावर घोंगडी नाही. बर्फ. आणि बर्फावरून घसरायच्या लांब लांब फळ्या. कुठल्या तरी गोऱ्यांच्या मुलखातलं दुकान होतं. खाली एक सोनेरी केसांचा बाप्या दोन फळ्या पायाला बांधून हसत होता.

भिंतीला टेकलेल्या बायांतली सावित्रीबाई मागून म्हणाली, "ह्यो कोण? आपल्यात कवा आला ह्यो?"

"आबा, आकडा चुकलाय," हरिओम म्हणाला.

"माझा? माझा आकडा चुकत न्हाई."

तेव्हा बबितानं खुर्ची फिरवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. ज्या नजरेनं ती पातेल्यात मीठ पडलं की नाही ते बघते, तसं.

"मामा," ती म्हणाली, "शेवटचा आकडा कसा सांगितला तुमी?"

"सांगतात तसा."

तिनं डोळे मिटले.

आता इथं मला अंगदला एक गोष्ट समजावून सांगावी लागली, कारण तो गाडीवाला, मेंढरंवाला नाही. आमच्यात मेंढरांचा खरा आकडा तोंडानं उच्चारत नाहीत. नजर लागते. लांडगा ऐकतो. मोजायचं ते खडे टाकून, मनातल्या मनात. कुणी विचारलंच तर एक कमी सांगायचा. बाप मरताना मला म्हणाला होता, जमीन वीक, पण आकडा सांगू नको. आणि ऋतुजानं सांगितलेला तो चौथा आकडा नेमका माझ्या मेंढरांएवढा निघाला! आता दोनशे तीन मेंढरं माझ्याकडं कधी नव्हती, ते तोंडातून सरळ निघालं. शून्य निघालं. एकशे तेराही निघालं. चौथा मात्र जिभेवर आला आणि सवयीनं एक मेंढरू आत ठेवून बाहेर पडला.

"म्हंजे खरा आकडा..." अंगद बोटं मोजायला लागला.

"सत्तेचाळीसच्या पुढचा. का रे म्हाळू, अशीच हाय ना रीत आपल्यात?"

म्हाळूनं बशी खाली ठेवली आणि मान हलवली. बघा, म्हटलं ना, साक्षीदार असा पाहिजे.

तर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बबिता कॉम्प्युटरकडं वळून परत काहीतरी खटखट करायला लागली होती. मी हरिओमला विचारलं, "दुनियेत आता काय चाललंय?"

"काय चालायचंय आबा, समद्यांना तुमचा सत्तेचाळीस कळलाय. आता इथं सुधारलं तरी बाहेरच्या मशीनी तेच धरून बसतील. दोन दिवस लागू शकतात."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंतीशी उभ्या बायांपैकी एकीनं पदराखाली हात घेतला. तिच्या हातात टकळी होती. ती सकाळपासून सूत कातत होती, पान उघडायची वाट बघत. तिनं कातायचं थांबवलं. बस, तेवढंच. मला राहवलं नाही. मी उठलो.

"कुठं चाललात?" हरिओम म्हणाला.

"चौकात सांगायला!"

किल्ल्याच्या पायऱ्या मी कशा चढलो ते विचारू नका. अर्ध्यात एक जोडा गेला. तो आणायला थांबलो असतो तर अकरा बाया ऊस तोडत असत्या. वरच्या बुरुजावर उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी लावले आणि हाळी दिली. ही हाळी तुम्ही ऐकलेली नाही. पावसाळ्यात चार कोसांवरच्या वाड्याला निरोप द्यायची, ती. पोटातून उठते. पहिल्या हाळीत किल्ल्यातली वटवाघळं दिवसाढवळ्या बाहेर पडली.

"आरं ए टॉवरांनो! धारूरच्या घोंगडीचा वाडा हलला रे! सत्तेचाळीस खोटं हाय! त्याच्या पुढचा धरा!"

पहिला धारूरचा टॉवर. त्याच्या माथ्यावरचा लाल दिवा एकदा मिचकावला. कळलं म्हणाला. त्यानं तेलगावच्या टॉवरला सांगितलं, तेलगावनं वडवणीला. वडवणीच्या टॉवरला ऐकू कमी येतं, त्याला मी दोनदा सांगितलं. नारायणगडाकडून तर आवाज फिरून परत आला, शब्द न् शब्द बरोबर, वर "बरं हाय" एवढं जोडून.

"टॉवर बोलतो?" अंगद म्हणाला.

"तर! तू दिवसभर कानाला मोबाईल लावून कुणाशी बोलतोस? मधी टॉवरच असतो की."

अंगदनं खिशातला मोबाईल काढून उलटापालटा करून बघितला.

सगळे टॉवर ऐकत गेले. अडला तो तलवाड्याचा. गेवराई तालुक्यातला, मोठ्या गावातला, त्यामुळं अंगात जरा गुर्मी. तो सत्तेचाळीस धरून बसला तो बसलाच. त्याच्या पलीकडचे टॉवर, पार त्या थंड हवेच्या हॉटेलापर्यंतचे, सगळे त्याच्या तोंडाकडं बघतात. साडेअकरा झाले. मी खाली उतारावर बघितलं. माझी मेंढरं चरत होती आणि त्यांच्यात माझा म्होरक्या एडका, हवालदार, मान वर करून माझ्याकडंच बघत होता.

"हवालदार," मी म्हणालो, "तलवाडा!"

निघाला. शिंगं खाली घालून जो निघाला तो दिसेनासा झाला.

"आबा, तलवाडा हितून शंभर किलोमीटर तरी आसंल!" अंगद उठूनच उभा राहिला. "माझ्या गाडीला दोन तास लागतात! एडका काय विमान हाय?"

"तुझी गाडी रस्त्यानं जाते. एडका सरळ जातो."

"मधी बिंदुसरा नदी हाय!"

"तिला पाणी कुठं होतं?"

यावर मंगल एवढी हसली की तिला शेगडीपासून बाजूला व्हावं लागलं. अंगद बसला.

हवालदारानं तलवाड्याच्या टॉवरला फक्त एक धडक दिली. जोरात नाही. समज देण्यापुरती. टॉवर हलला, त्याच्या माथ्यावर बसलेले कावळे उडाले आणि त्यानं पटकन नवा आकडा धरला. बाराला पाच कमी. तिथून पुढं पत्ता असा धावला की त्या बर्फाच्या फळ्यांच्या दुकानातून तीन गिऱ्हाइकं आपण होऊन उठली आणि आमच्या पानावर येऊन घोंगडीचा भाव विचारायला लागली.

आणि बरोबर बारा वाजता, त्या थंड हवेच्या गावात, हॉटेलवालीनं मोठ्या पडद्यावर नाव टाकलं.

घोंगडी!

काळी, काठाला पांढरी पट्टी, चिंचोक्याच्या खळीनं ताठ. तिच्या बाजूला मागावर बसलेली बबिता. खाली एकेक करून अकरा बायांचे फोटो, प्रत्येकीच्या हातात तिनं कातलेलं सूत. सावित्रीबाईच्या फोटोत मागून माझा हवालदार डोकावलेला. म्हणे तिथली माणसं पाच मिनिटं नुसती बघत राहिली. एकानं उठून पडद्याला हात लावून बघितला, लोकर कशी लागते ते. मिलवाल्यांचं पान त्यांनी उघडलंच नाही.

सव्वाबाराला पानावरच्या नंबरवर, म्हणजे माझ्या मोबाईलवर, फोन आला. मोबाईल बबिताकडंच होता. तिनं ऐकलं. "हो मॅडम," म्हणाली. परत "हो मॅडम," म्हणाली. मग मोबाईल हळूच टेबलावर ठेवला आणि भिंतीकडं बघून म्हणाली, "बायांनो, प्रत्येक खोलीला दोन दोन. कातायला लागा."

मी किल्ल्यावरून उतरत होतो तेव्हा खालून हलगी ऐकू आली. बाया सेवा केंद्रातून निघाल्या होत्या ते थेट बाजारातून. पुढं हलगी, मागं वस्तीवरच्या बाकीच्या येऊन मिळालेल्या धरून अकराच्या अकरा, हातात टकळ्या उंच धरलेल्या. हरिओमच्या डोक्यावर घोंगडी घातलेली, उन्हात, बिचारा घामानं भिजलेला पण काढायला तयार नाही. बाजारातल्या माणसांना वाटलं कुणी निवडणुकीला उभं आहे. एकानं तर विचारलंसुद्धा, "चिन्ह काय?" सावित्रीबाईनं टकळी दाखवली. "हे! शिक्का मार!"

दुसऱ्या दिवशी मुकादमाचा ट्रॅक्टर आला. बबिता दारात आली, हातातल्या लोकरीसकट. "भाऊ, म्हणाले होते ना, मंगळवारी तोंडावर सांगते. आमच्यातलं कुणी येत न्हाई." ट्रॅक्टरनं दोनदा हॉर्न वाजवला, बायांनी टकळ्या हलवल्या, आणि ट्रॉली मोकळी खडखडत वस्तीवरून गेली. एवढी मोकळी ट्रॉली मी या वस्तीवर जन्मात बघितली नव्हती.

गोष्ट संपली. मी चहाचा घोट घेतला. मंगलच्या डोळ्यांत पाणी होतं, ती म्हणाली धूर गेला. अंगदनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "काय बी म्हणा आबा," तो म्हणाला, "टॉवरचं सोडा, एडक्याचं सोडा. पण गडावरून खरा आकडा वरडलात म्हणून अकरा घरं ऱ्हाईली."

"मंग? मी न्हाई तर कोण?"

"कंचा आकडा वरडलास?"

हा आवाज कोपऱ्यातून आला. म्हाळू. आम्ही तिघंही त्याच्याकडं वळलो, कारण बाक बोलला असता तरी एवढं नवल वाटलं नसतं.

"खरा," मी म्हणालो.

"कंचा खरा?"

"सत्तेचाळीसच्या पुढचा."

"न्हाई, तसं न्हाई." म्हाळूनं बशी सरकवली आणि गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडं वळला. "धा येळा ऐकलं ते. सत्तेचाळीसच्या पुढचा, सत्तेचाळीसच्या पुढचा. तो आकडा बोल. हितं. आमी तीन माणसं हैत, लांडगा न्हाई. एकदा तोंडातून काढ."

"हॅ! त्यात काय."

मी घसा साफ केला. अंगद पुढं वाकला. मंगलनं शेगडी बारीक केली.

"अट्..." मी म्हणालो. परत घसा साफ केला. जीभ वर लावली. बाप दिसायला लागला. "अट्... सत्तेचाळीस."

म्हाळू उठून उभा राहिला.

"लबाडा! तीन माणसांत निघंना, आन् सव्वा जिल्ह्याला वरडून सांगितला म्हणतोस? साडेअकराला तू माझ्याजवळ उतारावर तंगड्या पसरून बसलतास, आन् हवालदार माझी भाकर खात होता! तुझ्या घरात नांदती ती पोरगी, तिला तुझी रीत ठावं हाय. तू सांगितलं त्यात एक मिळवला बबितानं!"